कोरड्या हळदीची बरणी

टिंक्चरवाल्या बाईंच्या घरात शिरणाऱ्याला आधी वास भेटायचा, मग बाई. कडवट, मातकट, नाकात ठाण मांडून बसणारा हळदीचा वास, आणि त्याच्या मागून हळूच येणारी स्पिरिटची झणझण. खोली लांबट, एकाच खिडकीची. दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर तपकिरी काचेच्या बरण्या, आणि मधोमध एक टेबल, जे कधीकाळी पांढरं होतं म्हणे. बाईंची नखंही त्या टेबलाच्याच रंगाची. "मी मेले तर ओळख पटवायला तोंडावरची चादर काढू नका, नुसता हात बघा," असं त्या स्वतःच म्हणायच्या.

बाईंच्या हाताला गुण होता, उगाच नाही कशाला म्हणा. हळदीचा गुण पाण्यात फारसा उतरत नाही, तो स्पिरिटात उतरतो. म्हणून हळद बरणीत भरायची, वरून कडक स्पिरिट ओतायचं, झाकण घट्ट लावून बरणी उजेडापासून लांब ठेवायची आणि रोज हलवायची. तीन-चार आठवड्यांनी गाळायचं, की झालं टिंक्चर. त्याचे थेंब कोमट पाण्यात टाकले की पाणी एकदम गढूळ पिवळं व्हायचं, आणि गुडघे धरून आलेली माणसं ते पाणी औषध म्हणून प्यायची. कुणाचे गुडघे सुजलेले, कुणाचं पोट जेवल्यावर दगड होणारं. बाई प्रत्येकाला आधी खुर्चीत बसवून उलटतपासणी घ्यायच्या.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत?"

"आहेत की."

"मग उठा. हळदही तेच काम करते. दोघी मिळून तुम्हाला वाहवत नेतील. डॉक्टरांना विचारून या."

पित्ताचे खडे असलेल्यालाही असंच उठवायच्या. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई, म्हणून लोकांचा विश्वास दुप्पट. इतकी सचोटीची बाई. देवाने तिच्या ओंजळीत काय कमी घातलं होतं? एक मूल तेवढं घातलं नव्हतं. नवराही लवकर नेला. आणि मग एक दिवस मूलही घातलं, पण उसनं.

हे उसनं मूल म्हणजे टिटवी. बाईंच्या धाकट्या भावाची लेक. सतत काहीतरी टिवटिवत असायची म्हणून टिटवी. तिची आई गेली तेव्हा ती दुपट्यात होती, आणि बाप त्या दिवशी शुद्धीवर नव्हता. बाप मोठ्या धुलाईघरात इस्त्रीवाला. हातात वाफेची इस्त्री आणि पोटात दुसरीच वाफ. दारूची दुकानं बंद असली की तो बहिणीच्या बरण्यांना तोंड लावायचा. मग जीभ पिवळी, मिशी पिवळी, सदऱ्याचा गळा पिवळा. लोकांनी त्याचं नावच पिवळ्या ठेवलं. आणि पकडला गेला की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "ताईनेच दिलं. औषध म्हणून." गल्लीतल्या पोरांनी ते उचललं. कुणाच्या हातून कप फुटला की पोरं एका सुरात म्हणायची, "ताईनेच दिलं, औषध म्हणून," आणि खिदळायची. टिटवीही त्या पोरांतच वाढली, तीही खिदळायची.

पुढे पिवळ्याने दारू सोडली. का सोडली हे तो एवढंच सांगायचा, की एके दिवशी इस्त्रीखाली चादर जळत होती, सगळं धुलाईघर खोकत होतं आणि मला वास येत नव्हता. सोडली ती सोडली. आणि मग तो लेक मागायला आला.

लेक कुणाकडे राहील हे ठरवणार होता शिंपीमामा, टिटवीच्या आईचा भाऊ. बहीण गेली तेव्हा दुपट्यातली पोर त्यानेच उचलून बाईंच्या हातात दिली होती. मामाच्या गळ्यात टेप कायमची, आणि बोलणंही तसंच, मापाचं.

"वर्षभर कोरडा राहून दाखव," मामा म्हणाला. "मापात बसलास तर पोर तुझी."

पिवळ्याने मान डोलावली. पण बाई मध्येच म्हणाल्या, "घरात कडी लावून कुणीही कोरडा राहतो. रोज सकाळी कामावर जाताना इथे यायचं आणि बरणी हलवायची. दोन्ही हातांत धरून, माझ्यासमोर. मग मी मानेन."

पिवळ्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई, दुसरं काहीही सांग. फरशी पुसायला सांग."

"बघा," बाई मामाला म्हणाल्या. "आत्तापासूनच."

मामाला ते पटलं. शिंप्याला ओढून बघितल्याशिवाय शिवण पक्की वाटत नाही.

तर पिवळ्या रोज यायला लागला. सुरुवातीला त्याचे हात असे थरथरायचे की बाई म्हणायच्या, "तू हलवू नकोस रे, नुसती धर. आपोआप हलतेय." टिटवी हसायची. लेक हसतेय म्हणून तोही हसायचा. खिडकीकडे तोंड करून, श्वास रोखून तो बरणी हलवायचा आणि फळीवर ठेवून मागे सरायचा, तापलेल्या तव्यापासून सरावं तसा. मग तपासणी. हे काम टिटवीचं. ती स्टुलावर चढून म्हणायची, "बाबा, जीभ दाखव." तो दाखवायचा. ती नीट बघायची, डॉक्टरासारखी मान वाकडी करून, आणि निकाल द्यायची, "गुलाबी." तेवढा एक शब्द घेऊन तो दिवसभर चादरी इस्त्री करायचा.

बाईंना वाटलं होतं, महिनाभरात गडी कोसळेल. नाही कोसळला. मग त्या एकदा झाकण सैल ठेवून मागच्या खोलीत गेल्या. त्याने झाकण घट्ट केलं. एकदा गाळलेल्या टिंक्चरची अर्धी वाटी त्याच्या कोपरापाशी राहिली, म्हणजे बाईंनी राहू दिली. आतून त्यांनी कान लावला. बराच वेळ काही आवाज नाही. मग त्याचा आवाज आला, चिरका, "ताई, हे उचल. उचल ना हे." बाई आल्या, वाटी उचलली आणि म्हणाल्या, "विसरलेच बघ." त्याचा सदरा पाठीवर पार ओला झाला होता. बाईंना त्याची दया नाही आली असं नाही. पण दया येऊन बसली कुठे, तर दाराबाहेर. आत जागा नव्हती. आत टिटवी होती.

वर्ष सरत आलं तशी टिटवी विचारायला लागली, "आत्या, बाबाच्या खोलीला खिडकी आहे का? मी तिकडे गेले की माझं स्टूल नेऊ का?" बाई वेणी घालता घालता म्हणायच्या, "नेशील हं," आणि वेणीचा पेड असा ओढायच्या की पोरीच्या डोळ्यात पाणी यायचं. अकरा वर्षं जिला कडेवर, मग बोटाला, मग टेबलापाशी वाढवलं, ती स्टुलाची चौकशी करत होती. आत्या मागे राहणार याची नाही.

आता ऐका, बाईंनी काय केलं.

हळद दोन तऱ्हांनी घालतात. एक ओली, तिचे काप करून. तिला अंगचा रस असतो, त्यामुळे बरणीतलं स्पिरिट जिथल्या तिथे राहतं, उलट किंचित चढतं. दुसरी कोरडी, हळकुंडांची भरड. ती तहानलेली असते. बरणी काठापर्यंत भरा, दुसऱ्या दिवशी चार बोटं खाली. म्हणून कोरडीच्या बरणीत दुसऱ्या सकाळी वर भर घालायची, हे त्या धंद्यातलं पहिलं शिकणं. पण टिटवीला बाईंनी आजवर ओलीच शिकवली होती. कोरडीची भरड नाकातोंडात जाते म्हणून ती बाई एकट्याच, दार लावून करायच्या. पिवळ्याला तर बरण्या रिकाम्या करण्यापलीकडे त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

मामा येणार त्याच्या आदल्या दिवशी बाईंनी, दार लावून आधीच करून ठेवलेली भरड घेऊन, कोरडीची बरणी घातली. स्पिरिटच्या बाटल्या एकामागून एक ओतल्या, रिकाम्या बाटल्या खिडकीत ओळीने ठेवल्या, आणि बरणीच्या काचेवर स्पिरिटच्या रेषेला चिकटपट्टी लावली. भाऊ समोर उभा होता, भाची समोर उभी होती.

"ही शेवटची," बाई म्हणाल्या. "उद्या मामांसमोर हलवलीस की सुटलास."

"सुटलो," पिवळ्या म्हणाला आणि टिटवीकडे बघून त्याने भुवया उडवल्या.

देव माणसाला परत फिरायला पुष्कळ जागा ठेवतो. बाईंनाही ठेवली होती. सकाळी बरणीत चार बोटं घट दिसली तेव्हा भर घालता आली असती. नाही घातली. पिवळ्या लवकर आला, नवा सदरा घालून, स्वतः इस्त्री केलेला. बोलायला गेला तर आवाज फुटेना. धुलाईघरातल्या वाफेने घसा बसला होता. बाईंनी टिटवीला मामाला घेऊन यायला पिटाळलं आणि भावाला म्हणाल्या, "ये इकडे. आ कर."

लहानपणी त्याचा घसा बसला की त्या असंच करायच्या. मध आणि हळद बोटावर घेऊन त्याच्या जिभेवर, पार आतपर्यंत. आई कामाला गेलेली असायची, घरात ही दोघंच. त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण डोळे मिटले की अगदी तेवढाच. बाईंचं बोट क्षणभर थांबलं. आपण हे घशासाठी देतोय, असं त्यांना खरंच वाटून गेलं. मग बोट त्याच्या जिभेवरून फिरलं.

"गिळू नको लगेच," बाई म्हणाल्या. "राहू दे जिभेवर."

"किती वर्षांनी गं," तो म्हणाला.

मामा आला. टिटवी त्याच्यापुढे नाचत आली. मामाने आल्या आल्या थट्टा केली, "काय रे, सदऱ्याची बाही एक बोट लांब आहे. पोर घेऊन ये दुकानात, आखूड करून देतो." पिवळ्या हसला. मामा बरणीपाशी गेला, खिडकीच्या उजेडासमोर ती तिरपी न करता धरली, आणि त्याचं हसणं तसंच तोंडावर राहून गेलं.

"ही पट्टी कशाची?"

"काल भरली तेव्हाची रेषा," टिटवीने सांगितलं. मग तिनेही पाहिलं.

टिटवीने स्टूल ओढलं, बापासमोर ठेवलं आणि वर चढली. "बाबा, जीभ दाखव," ती म्हणाली, आणि हे ती रोजच्यासारखं म्हणाली नाही.

पिवळ्या बरणीकडे बघत होता. त्याला काही कळत नव्हतं. त्याने जीभ बाहेर काढली.

"पिवळी," टिटवी म्हणाली.

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला असावा. तो बहिणीकडे वळला आणि म्हणाला, "ताईनेच दिलं. मध-हळद. घशासाठी."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ऐकू आले. मामा हसला, पण ते हसणं आनंदाचं नव्हतं. "वा. वर्षभराने तरी नवीन काहीतरी आणायचंस रे. औषध म्हणून का?"

"ताई, तू सांग ना," पिवळ्या म्हणाला. "तूच सांग."

बाईंच्या पुढ्यात ती शेवटची जागा होती. टिटवी स्टुलावर उभी होती, तोंड पांढरं पडलेलं, हात आत्याच्या खांद्याकडे आलेला, आधाराला. बाईंनी तो हात धरला.

"मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "तुझी जीभ सांगतेय."

तो भांडला नाही. नव्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं, ते त्याने लावलं, टिटवीकडे एकदा पाहिलं आणि जिना उतरून गेला. मामा म्हणाला, "चला, माप कळलं," आणि टेपचं टोक उगाचच बोटाला गुंडाळत बसला.

त्यानंतर बाई सुखात होत्या, हे लिहायला जड जातं, पण होत्या. टिटवी कुठे जाणार नव्हती. बरणी आता तीच हलवायची, अशी की झाकण कुरकुरायचं. तिची टिवटिव मात्र बंद झाली. बाईंनी विचारलं, "डोळे का लाल?" तर म्हणायची, "हळद गेली." बाई तिच्या आवडीचं काही करून पुढे ठेवायच्या, ती मुकाट्याने खायची. पोर विसरेल, बाई स्वतःला सांगायच्या. सगळी पोरं विसरतात.

गाळायचा दिवस आला. बाईंनी ठरवलं होतं की टिटवी बाहेर गेली की आपणच वरवर गाळून चोथा न पिळता टाकून द्यायचा. पण नेमकं एक गिऱ्हाईक आलं, गुडघेवाल्या शिक्षिकाबाई, आणि त्यांनी सुनेच्या तक्रारीपासून सुरुवात केली. बाई खुर्चीत अडकल्या. पलीकडे टिटवीने पातेल्यावर फडकं बांधलं आणि बरणी उलटी केली.

"राहू दे गं," बाई शिक्षिकाबाईंच्या खांद्यावरून म्हणाल्या. "मी करते नंतर."

"होतंय की."

चोथा कोरडा होईपर्यंत पिळायचा, शेवटचा थेंब सगळ्यात गुणाचा, हे टिटवीला बाईंनीच शिकवलं होतं. अर्धवट पिळला तर हातावर चापट मारून शिकवलं होतं. तिने फडक्याचा पिळा घातला, टेबलाला पोट टेकून, सगळं वजन टाकून. ओल्या हळदीच्या चोथ्यातून कधी येत नव्हतं एवढं येत राहिलं. पिळत गेली, येत गेलं. मग तिने खिडकीतल्या रिकाम्या बाटल्या घेतल्या, ज्यांतून त्या दिवशी स्पिरिट ओतलं होतं, आणि भरायला लागली. एक भरली, दुसरी भरली. शेवटची गळ्यापर्यंत आली. बाटल्या संपल्या आणि पातेलंही संपलं.

टिटवी बाटल्यांकडे बघत उभी राहिली.

"आत्या, बाबा प्यायला होता ना?"

"आता ते कशाला उकरतेस?"

"मग हे कुणाचं?"

शिक्षिकाबाई सुनेवर थांबल्या. बाई म्हणाल्या, "हळदीला पाणी सुटतं."

"कोरड्या?"

टिटवीने फडक्यातली चिमूटभर भरड बोटांत चोळली, बघितली. मग मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. साबण लागला की हळद लाल होते, तसे तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. ते तसेच पुसून ती चपला घालून बाहेर पडली. बाईंनी हाक मारली नाही. शिक्षिकाबाईंचे थेंब त्यांनी बाटलीत भरून दिले आणि दिवसभर जिन्याच्या आवाजाकडे कान लावून बसल्या. प्रार्थनेला हात जोडले, पण मागायचं काय ते ठरेना. पोर परत येऊ दे, की तो तिला भेटूच नये? दोन्ही मागितलं.

टिटवी ऊन उतरायच्या आत परत आली. स्टुलावर बसली.

"बाबाच्या खोलीला खिडकी आहे," ती म्हणाली.

बाईंनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"त्याने दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आधीच जीभ बाहेर काढली. गुलाबी होती." तिने फ्रॉकच्या कडेचा दोरा ओढला. "पण वास येत होता. खूप."

बाईंना सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची भीतीही वाटली. म्हणजे आता तर तो खरंच पीत होता. काल जे खोटं होतं ते आज खरं झालं. कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. बाईंनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. पोरीने तो काढला नाही. नुसतं विचारलं, "पुढची बरणी मी घालू? कोरडीची? मला येत नाही ती."

बाईंना वाटलं, मिटलं. हौसेने त्यांनी हळकुंडं काढून दिली. टिटवीने भरड केली, बरणी भरली, बाटल्या ओतून रिकाम्या खिडकीत ठेवल्या आणि स्पिरिटच्या रेषेला पट्टी लावली. काम अगदी बाईंसारखं नेटकं.

दुसऱ्या सकाळी बाईंनी रोजचे थेंब घेतले, गुडघ्यांसाठी, आणि वाटी पुसता पुसता फळीकडे बघून सवयीने म्हणाल्या, "वर भर घाल गं तिच्यात. खाली गेलीय."

म्हणाल्या आणि वाटी हातातच राहिली.

टिटवी टेबल पुसत होती. ती थांबली नाही. "घालते," ती म्हणाली. "मामा येऊन गेल्यावर. मी बोलावलंय त्याला."

बाईंना तेव्हाही भर घालता आली असती. उठून, फळीपाशी जाऊन, अर्धी बाटली ओतली की झालं. पण टिटवी स्टुलावर बसली होती, बरणीच्या खालीच, आणि बाईंच्या हाताकडे बघत होती. मारायला उठलेल्या माणसाकडे बघावं तसं नाही. शिकाऊ माणूस शिकवणाऱ्याच्या हाताकडे बघतो तसं.

मामा आला. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, दुकानातून तसाच आलेला. टाचण्या काढून त्याने कॉलरला खोचल्या. "काय गं टिटवे, एवढं तातडीचं काय?"

"मामा, बरणी बघ. काल मी पट्टीपर्यंत भरली होती."

मामाने पाहिलं. "पुन्हा आला होता का पिवळ्या? शिरला कसा?"

"नाही आला. घरात मी आणि आत्याच होतो."

"मग तू प्यायलीस की काय?"

टिटवीने जीभ दाखवली. मामा हसला. "गुलाबी. मग?"

"आता आत्याला विचार ना."

मामाचं हसू जागच्या जागी सुकलं. तो बाईंकडे वळला. बाई खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. "ताई, हे काय म्हणतेय पोर?"

"मी थेंब घेते," बाई म्हणाल्या. "गुडघ्यांसाठी. सगळ्यांना माहीत आहे."

"थेंबांनी चार बोटं जातात होय?"

एका वाक्याचं काम होतं. कोरडी हळद स्पिरिट पिते, दुसऱ्या दिवशी भर घालावी लागते. शेंबडं पोरही समजेल असं वाक्य, बाई आयुष्यभर जे जगल्या तेच. ते बोललं की बाई सुटत होत्या. आणि त्याच वाक्याने भाऊही सुटत होता, महिनाभर उशिरा. आणि मग मामा पुढचं विचारणार होता, मग त्या दिवशी का नाही बोललात? बाईंनी टिटवीकडे पाहिलं. पोर वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रागाबिगाचं काही नव्हतं. बोल, एवढंच होतं. अजूनही बोल.

बाईंनी तोंड उघडलं. आणि जीभ बाहेर काढली.

पिवळीधमक. मामा दोन पावलं मागे सरला. "ताई," तो म्हणाला. "तुम्ही? या घरात पोर दिली मी." बाईंनी मान खाली घातली. दारुडी म्हटलेलं त्यांना चाललं. त्याहून मोठं नाव होतं एक, ते नको होतं.

टिटवीने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती स्टुलावर चढली, बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. "थांब मामा," ती म्हणाली. "मी पिळून दाखवते."

तिने फडकं बांधलं, बरणी उलटी केली, पिळा घातला. मामा बघत राहिला. खोलीत पातेल्यात पडणाऱ्या धारेचा आवाज तेवढा होता. धार, मग थेंब, मग पुन्हा पिळा, पुन्हा धार. कोरडा होईपर्यंत पिळायचा, तशी ती पिळत राहिली. मग एकेक बाटली भरली. शेवटची गळ्यापाशी आली तेव्हा मामाने बाटलीला हात लावून बघितला, जणू ती खोटी असेल.

"त्या दिवशीही एवढंच निघालं होतं," टिटवी म्हणाली. "मी पिळलं तेव्हा."

मामाला सगळं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने बाईंना काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलं नव्हतं. त्याने टिटवीला विचारलं, "कुठे आहे तो?"

"खोलीवर. पितोय."

"केव्हापासून?"

"त्या दिवसापासून."

मामाने गळ्यातली टेप काढली, घडी केली आणि खिशात घातली. टिटवीने तिचं स्टूल उचललं. बाईंना वाटलं, जाताना वळून बघेल. दारात स्टुलाचा पाय अडकला म्हणून ती वळली, तो सोडवला आणि गेली. जिन्यावर त्या दोघांची पावलं वाजली, मग नुसतं स्टूल कठड्याला घासत गेल्याचा आवाज.

बाई कितीतरी वेळ बसून होत्या. फडक्यातला चोथा वाळायला लागला. मग दार वाजलं. दुपारचं गिऱ्हाईक, भाजीवाली, पाय ओढत खुर्चीत येऊन बसली. बाईंनी विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या?" नव्हत्या. "पित्ताचे खडे?" तेही नव्हते. बाईंनी त्याच बाटल्यांच्या मागची जुनी, मुरलेली बाटली काढली आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत ओतायला लागल्या. हात स्थिर होता.

"टिटवी दिसत नाही?"

"बापाकडे गेली."

"बरं झालं बाई. लेक बापाजवळच बरी." भाजीवालीने गुडघा चोळला. "पण तो प्यायला ना मध्ये, बरणीतलं? सगळी गल्ली बोलत होती."

बाईंनी बुच लावलं. बाटली पुसली. कुणी नव्हतं ऐकायला. मामा नव्हता, टिटवी नव्हती, तो नव्हता. फक्त ही बाई होती, जिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तो प्यायला नव्हता."

"असं होय," भाजीवाली म्हणाली. बाटली पदरात बांधून उठता उठता तिने विचारलं, "हे जेवायच्या आधी घ्यायचं की नंतर?"

"नंतर," बाई म्हणाल्या.